पन्नास अर्धचित्रांचा सेकंद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मालेगाव म्हटलं की यंत्रमाग आठवतो आणि यंत्रमागाच्या पाठोपाठ सिनेमा. शुक्रवारी माग बंद असतात. आठवडाभर खडखडाटात उभा राहिलेला कामगार त्या दिवशी सिनेमा पाहायला जातो. ज्याला थिएटरचं तिकीट परवडत नसे, त्याच्यासाठी एके काळी व्हिडिओ हॉल होते. एक अंधारी खोली, बसायला बाकडी, समोर पडदा नाहीतर टीव्ही आणि कोपऱ्यात एक व्हीसीआर. असाच व्हिडिओ हॉल चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. तो फिल्मवर काढलेला नव्हता, व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेला होता. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ आला. तो कसा तयार झाला हे सांगणारा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट फैजा अहमद खान यांनी २००८ साली केला आणि रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट २०२५ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला.

त्या चित्रपटापासून घरोघरी जुन्या कॅसेटींची आठवण निघते. कुणाकडे लग्नाची कॅसेट आहे, कुणाकडे शाळेच्या स्नेहसंमेलनाची, कुणाच्या वडिलांनी एखाद्या हौशी सिनेमात दोन मिनिटांचं काम केलेलं आहे. टीव्ही आणि व्हीसीआर दुरुस्तीत माझी बरीच वर्षं गेली, म्हणून लोक मला विचारायला येतात. कॅसेट संगणकावर उतरवून घेतलेली असते आणि तक्रार बहुधा एकच असते. माणूस उभा असेल तोवर चित्र ठीक दिसतं. त्यानं हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. ‘कॅसेट खराब झाली का हो?’ असं विचारतात.

कॅसेट खराब झालेली नसते. ते दाते म्हणजे जुन्या टीव्हीच्या चित्राची घडण आहे, जी जुन्या टीव्हीवर कधी दिसत नव्हती आणि आता उघडी पडली आहे. या घडणीला इंटरलेसिंग म्हणतात. मराठीत आंतरगुंफण म्हणू या. ती समजली नाही, तर कॅसेट उतरवताना निम्मं चित्रण कायमचं हातचं जातं. म्हणून आज तिच्याविषयी थोडं सविस्तर सांगतो.

चित्र नव्हे, एक ठिपका

सिनेमाच्या पडद्यावर अख्खं चित्र एकदम पडतं. जुन्या, पाठीमागे पोट सुटलेल्या टीव्हीच्या काचेवर मात्र अख्खं चित्र कधीच नसायचं. त्या नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनचा झोत निघतो, काचेच्या आतल्या लेपावर आदळतो आणि जिथे आदळतो तिथे प्रकाशाचा ठिपका उमटतो. झोत कमी-जास्त केला की ठिपका मंद किंवा तेजस्वी होतो. आपण वर्तमानपत्र वाचतो तसा हा ठिपका फिरतो. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग झटकन डावीकडे, मग खालची ओळ. परत येताना झोत बंद ठेवलेला असतो, म्हणून परतीची वाट दिसत नाही.

आपल्याकडच्या पद्धतीत एका चित्रात ६२५ ओळी असतात आणि सेकंदाला २५ चित्रं. गुणाकार केला तर सेकंदाला १५,६२५ ओळी होतात. एका ओळीला मिळतात एका सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ६४ भाग, त्यातही प्रत्यक्ष चित्र ५२ भागांत रेखायचं आणि उरलेल्या वेळात डावीकडे परतायचं. शेवटची ओळ संपली की वर परतायलाही वेळ लागतो. त्यामुळे ६२५ पैकी साधारण ५७५ ओळीच चित्राच्या कामी येतात.

हा १५,६२५ आकडा काही जणांनी कानांनीही अनुभवलेला आहे. टीव्ही लावल्याबरोबर एक बारीक शिट्टी ऐकू यायची, आठवतं? झोत आडवा फिरवणाऱ्या सर्किटमधला ट्रान्सफॉर्मर सेकंदाला तितक्या वेळा थरथरायचा, त्याचा तो आवाज. मुलांना तो शेजारच्या खोलीतूनही ऐकू यायचा. आजोबांना टीव्हीपुढे बसूनही ऐकू येत नसे, कारण वय वाढतं तसे सगळ्यात उंच सूर कानातून आधी जातात.

लखलखाटाची अडचण

सेकंदाला २५ चित्रं दाखवली तर डोळ्याला हालचाल सलग वाटते. सिनेमात तर २४ च असतात. मग अडचण कुठे आली? हालचाल सलग वाटणं वेगळं आणि प्रकाश स्थिर वाटणं वेगळं. सेकंदाला २४-२५ वेळा उजळणारा आणि विझणारा प्रकाश डोळ्याला लखलखताना दिसतो. पडदा जितका उजळ, तितका हा लखलखाट अधिक जाचतो.

सिनेमावाल्यांनी यावर सोपा तोडगा काढला होता. प्रोजेक्टरमध्ये प्रकाशापुढे फिरणारी एक झडप असते. तीच फ्रेम पुढे जाण्याआधी ही झडप प्रकाश मध्येच एकदा अडवते. म्हणजे चित्रं २४ च, पण पडदा उजळतो ४८ वेळा. डोळा फसतो आणि फिल्म काही जास्त लागत नाही.

टीव्हीला हे जमत नव्हतं. फिल्मची चौकट प्रोजेक्टरच्या फाटकात थांबून राहते, तिच्यावर दोनदा प्रकाश टाकता येतो. टीव्हीत थांबून राहणारं काही नव्हतं. तो ठिपका पुढे गेला की मागचा प्रकाश विझत जायचा आणि ते चित्र साठवून पुन्हा दाखवण्याची सोय तेव्हाच्या घरगुती टीव्हीत असणं शक्यच नव्हतं. मग सेकंदाला ५० पूर्ण चित्रं पाठवायची का? तेही परवडणारं नव्हतं. आपल्या पद्धतीत चित्रासाठी सुमारे ५ मेगाहर्ट्झ रुंदीची वाट लागते. चित्रं दुप्पट केली की वाटही दुप्पट रुंद हवी. हवेतली जागा मर्यादित असते, तेवढ्या जागेत मग निम्म्याच वाहिन्या मावल्या असत्या.

यातून निघालेली युक्ती अशी. समोर असलेलं हे वर्तमानपत्र वाचताना समजा तुम्ही आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम ओळींवरून नजर फिरवत तळाला गेलात, मग वर येऊन दुसरी, चौथी, सहावी अशा सम ओळी घेतल्या. वाचन तेवढंच झालं, पण पानावरून वरपासून खालपर्यंत नजर दोनदा फिरली. टीव्हीचा ठिपका हेच करतो. सेकंदाच्या पन्नासाव्या भागात विषम ओळींचं अर्धचित्र, पुढच्या पन्नासाव्या भागात सम ओळींचं. अशा अर्धचित्राला फील्ड म्हणतात. सेकंदाला पूर्ण चित्रं २५ च राहिली, हवेतली वाट वाढली नाही, पण काच उजळली ५० वेळा. लखलखाट बहुतेक नाहीसा झाला.

या युक्तीची जाहीर परीक्षा लंडनमध्ये झाली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीनं अलेक्झांड्रा पॅलेसमधून नियमित टीव्ही सुरू केला, तेव्हा दोन प्रतिस्पर्धी पद्धती आळीपाळीनं वापरायचं ठरलं होतं. एक टीव्हीच्या आद्य संशोधकांपैकी जॉन लोगी बेअर्ड यांच्या कंपनीची. तीत २४० ओळी होत्या आणि सेकंदाला २५ चित्रं सरळ, एकामागोमाग. दुसरी मार्कोनी-ईएमआयची. तीत ४०५ ओळी आणि सेकंदाला ५० अर्धचित्रं. तीन महिन्यांतच निकाल लागला. १९३७ च्या सुरुवातीला बेअर्ड यांची पद्धत बंद करण्यात आली. ओळींची संख्या, कॅमेरा अशी आणखीही कारणं होती, पण सरळ २५ चित्रांचा लखलखाट ही तिची ठळक उणीव होती. पुढची साठ-सत्तर वर्षं जगभरचा टीव्ही आंतरगुंफणीवरच चालला. भारतात १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत टीव्ही आला, २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत आला, १९८२ मध्ये एशियाडच्या वर्षी रंगीत झाला. ६२५ ओळी आणि ५० अर्धचित्रं हा हिशेब मात्र या सगळ्या काळात तोच होता.

अर्ध्या ओळीची करामत

५० हाच आकडा का? कारण आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. त्या काळच्या संचात विजेची गुणगुण थोडीफार चित्रात उतरायचीच. दोन्ही आकडे सारखे असले की तो दोष पडद्यावर जवळपास एका जागी राहतो आणि डोळ्यांत भरत नाही. निराळे असले, तर एक काळसर पट्टा सतत वर-खाली सरकत राहतो. अमेरिकेत वीज ६० ची, म्हणून तिकडे अर्धचित्रं ६० आणि ओळी ५२५.

४०५, ५२५, ६२५ या तिन्ही संख्या विषम आहेत, हेही लक्षात आलं असेल. तो योगायोग नाही. ६२५ चे दोन भाग केले की प्रत्येक अर्धचित्राच्या वाट्याला ३१२ ओळी आणि वर अर्धी ओळ येते. ठिपका आडवा फिरवणारं सर्किट निराळं आणि त्याला वरून खाली ओढणारं निराळं. आडवं फिरता फिरता ठिपका सतत किंचित खाली घसरत असतो. पहिलं अर्धचित्र ओळीच्या मध्यावर संपतं, म्हणून दुसऱ्याची सुरुवातही ओळीच्या मध्यावर होते. या अर्ध्या ओळीच्या फरकामुळे दुसऱ्या खेपेच्या ओळी पहिल्या खेपेच्या ओळींच्या बरोबर मधल्या फटीत बसतात. ‘आता सम ओळी काढ’ असं टीव्हीला वेगळं सांगावंच लागत नाही. ओळी ६२४ असत्या तर प्रत्येक अर्धचित्रात नेमक्या ३१२ ओळी आल्या असत्या आणि दुसरी खेप पहिलीच्या अंगावरच पडली असती.

त्यात ६२५ म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच. जुन्या व्हॉल्व्हच्या सर्किटांना लहान संख्यांनी भाग देणं सोपं जायचं, मोठ्या संख्येनं अवघड. म्हणून असे लहान लहान तुकडे पडणारे आकडे निवडले गेले. ५२५ चे तुकडे तीन, पाच, पाच आणि सात. ४०५ मध्ये तीन चार वेळा आणि पाच एकदा.

मागाशी तुलना

मालेगावात ही गोष्ट समजावणं सोपं जातं, कारण तिचं रूप मागावर रोज दिसतं. साध्या विणीत ताण्याचे उभे धागे दोन गटांत वाटलेले असतात, एक सोडून एक. आधी विषम धागे वर उचलले जातात, त्यांच्या खालून धोटा बाणा घेऊन जातो. मग विषम खाली, सम वर, आणि धोटा परत येतो. असं आळीपाळीनं होत राहिलं की कापड तयार होतं.

तुलना इथपर्यंत बरोबर आहे. पुढे ती तुटते आणि आपल्या कंगव्याचं उत्तर नेमकं तिथेच आहे. कापडात विषम आणि सम धागे शेवटी एकत्र राहतात. टीव्हीच्या काचेवर ते कधीच एकत्र नसतात. सम ओळी उमटतात तोवर विषम ओळींचा प्रकाश जवळजवळ विझलेला असतो. दोन्ही जुळवण्याचं काम आपला डोळा आणि मेंदू करतात.

आणि याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे व्हिडिओ कॅमेरा एकच चित्र घेऊन त्याचे दोन भाग करत नाही. तो विषम ओळी एका क्षणी टिपतो आणि सम ओळी सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर. एवढ्याशा वेळात काय होणार, असं वाटेल. समजा कॅमेऱ्यापुढून एक मोटारसायकल ताशी ३६ किलोमीटर वेगानं गेली. म्हणजे सेकंदाला १० मीटर. पन्नासाव्या भागात ती २० सेंटिमीटर पुढे गेली, जवळजवळ एक वीत. विषम ओळींत चाक एका जागी आहे, सम ओळींत वीतभर पुढे. जुन्या टीव्हीवर हे दोन क्षण एकामागून एक दिसायचे, म्हणून हालचाल गुळगुळीत वाटायची. संगणक ते दोन्ही क्षण एकाच चौकटीत बसवून एकदम दाखवतो. मग चाकाच्या कडेला एक ओळ इथे, एक ओळ तिथे, असे दाते उठतात. माणूस स्थिर असेल तर दोन्ही क्षण सारखेच, म्हणून दाते दिसत नाहीत.

तेव्हा एवढं पक्कं लक्षात ठेवायचं की जुन्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं नाहीत. ५० वेगवेगळे क्षण आहेत, प्रत्येक क्षण अर्ध्या ओळींत टिपलेला.

सिनेमा आणि लग्नाची कॅसेट

‘हे सिनेमासारखं वाटत नाही, लग्नाच्या कॅसेटसारखं वाटतं,’ असं आपण ज्याच्याविषयी म्हणतो, त्याचं एक मोठं कारणही यातच आहे. मूळ ‘शोले’ची कॅसेट व्हिडिओ हॉलमध्ये लागायची, तेव्हा तिच्यातही ५० अर्धचित्रं असायची. पण ती फिल्मवरून उतरवलेली. फिल्मच्या एका चौकटीतूनच विषम आणि सम, दोन्ही अर्धचित्रं काढलेली. म्हणजे सेकंदाला क्षण २५ च. (सिनेमात २४ असतात, म्हणून आपल्याकडच्या पद्धतीत सिनेमा किंचित वेगानं पळवला जायचा. तीन तासांचा सिनेमा कॅसेटवर सुमारे सात मिनिटं आधी संपायचा आणि आवाज अगदी किंचित उंच व्हायचा. कुणाच्या ध्यानातही येत नसे.)

व्हिडिओ कॅमेऱ्यावर काढलेल्या चित्रणात मात्र सेकंदाला ५० क्षण असतात. हालचाल अधिक सलग, अधिक खरी, समोर घडतेय अशी दिसते. बातम्या, क्रिकेट, लग्न यांची सवय असल्यानं आपला डोळा त्या प्रकारच्या हालचालीला ‘खरी घटना’ समजतो आणि २४-२५ वाल्या हालचालीला ‘सिनेमा’. मालेगावच्या हौशी मंडळींनी व्हिडिओवर सिनेमे काढले, तेव्हा प्रकाश, सेट, पैसा यांची कमतरता तर होतीच. पण सगळं नीट जमलं असतं तरीही हालचालीचा हा फरक राहिलाच असता. माझ्या मते तो त्या सिनेमांचा दोष नाही. त्या काळी त्या कॅमेऱ्यानं जग जसं पाहिलं तसं ते आहे, आणि तसंच जपलं पाहिजे.

आंतरगुंफणीचे स्वतःचे दोषही आहेत. एकाच ओळीएवढी बारीक आडवी रेघ असेल तर ती फक्त एका अर्धचित्रात येते, म्हणून सेकंदाला २५ वेळाच उजळते आणि थरथरते. निवेदकांना बारीक पट्ट्यांचे आणि चौकड्यांचे कपडे टाळायला सांगत, त्याचं हे एक कारण. व्हिडिओवर नावं टाकणारे कारागीर अक्षरांच्या आडव्या रेघा जाड ठेवायचे, तेही यासाठीच.

कॅसेट उतरवताना

आता कामाचं सांगतो. व्हीएचएस कॅसेटमध्ये ही अर्धचित्रं खरोखरच वेगवेगळी ठेवलेली असतात. व्हीसीआरच्या पोटात एक ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो. त्यावर समोरासमोर दोन हेड असतात. एक हेड टेपवर एक तिरकी रेघ ओढतो, दुसरा पुढची. एक रेघ म्हणजे एक अर्धचित्र. तासाभराच्या कॅसेटवर अशा १,८०,००० रेघा असतात, तीन तासांच्या कॅसेटवर ५,४०,०००. एका हेडकडून दुसऱ्याकडे काम जाताना चित्राच्या अगदी तळाशी थोडी फाटकी पट्टी उमटते. जुन्या टीव्हीच्या चौकटीआड ती लपायची, संगणकावर दिसते. तीही बिघाड नव्हे.

या रेघा संगणकावर उतरवताना चार चुका सर्रास होतात. पहिली, दाते नकोत म्हणून प्रत्येक जोडीतलं एक अर्धचित्र टाकून दिलं जातं. चित्र स्वच्छ दिसतं, पण ५७६ ऐवजी २८८ ओळी राहतात आणि निम्मे क्षण नाहीसे होतात. दुसरी, दोन अर्धचित्रं एकमेकांत मिसळली जातात. दाते जातात, पण हलणाऱ्या हाताला भुतासारखी सावली येते. तिसरी सगळ्यात वाईट. दात्यांसकट चित्र लहान-मोठं केलं जातं. मग विषम आणि सम ओळी अशा लगदा होतात की नंतर कुणालाही त्या वेगळ्या करता येत नाहीत. चौथी, अर्धचित्रांचा क्रम उलटतो. आधीचा क्षण नंतर आणि नंतरचा आधी असं झालं की चालणारा माणूस पुढे-मागे झटके खात चालताना दिसतो. ही चूक मात्र मूळ ओळी शाबूत असतील तर दुरुस्त होते.

म्हणून कॅसेट उतरवायला देताना दुकानदाराला दोन प्रती मागा. पहिली प्रत जपून ठेवण्यासाठी. ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड, आकारात काहीही बदल न केलेली. तिच्यात दाते दिसतील, दिसू द्या. आपल्या कापडाचे सगळे धागे तिच्यात शाबूत आहेत असं समजा. दुसरी प्रत मोबाइलवर आणि टीव्हीवर पाहण्यासाठी. तिच्यात प्रत्येक अर्धचित्राच्या मधल्या ओळी हिशेबानं भरून सेकंदाला ५० पूर्ण चित्रं केलेली असावीत. हे काम करणारी सॉफ्टवेअर वर्षागणिक सुधारत आहेत. पहिली प्रत हाती असेल, तर दुसरी पुढे कधीही अधिक चांगली करून घेता येईल. पहिली नसेल, तर काही उपाय नाही.

आणि काम झालं तरी कॅसेट फेकू नका. ती पूर्ण गुंडाळून, उभी, कोरड्या जागी ठेवा. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर ती तशीच व्हीसीआरमध्ये घालू नका, हेड खराब होतात आणि बुरशी पुढच्या कॅसेटलाही लागते. हे सगळं फार लांबणीवर टाकूनही चालणार नाही. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिनं २०१६ साली उत्पादन थांबवलं. आज जे यंत्र चालू आहे त्याचे सुटे भाग दुसऱ्या बंद यंत्रातून काढूनच मिळतात. हेड झिजत आहेत आणि ते बसवणारे हातही कमी होत आहेत.

आजच्या चपट्या पडद्याला आंतरगुंफणीची गरज नाही. त्याचा प्रत्येक ठिपका पुढचा हुकूम येईपर्यंत आपला प्रकाश धरून ठेवतो, त्यामुळे तो पूर्वीसारखा लखलखत नाही. तरी जुनी सवय लगेच सुटली नाही. एचडी चित्राच्या नावात १०८० पुढे ‘आय’ किंवा ‘पी’ असं अक्षर लिहितात, त्यातला ‘आय’ म्हणजे आंतरगुंफित आणि ‘पी’ म्हणजे सरळ, एकामागोमाग ओळींचा. फोर-केसाठी २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम ठरले तेव्हा मात्र ‘आय’ला जागाच ठेवली नाही. १९३७ साली बेअर्ड यांना ज्या सरळ ओळींनी हरवलं, त्याच सरळ ओळी शेवटी परत आल्या, आधीपेक्षा कितीतरी रुंद वाटेवरून.

पण मधल्या सत्तर वर्षांचं सगळं चित्रण अर्ध्या-अर्ध्या ओळींत आहे. मालेगावच्या सुपरमॅनची भूमिका करणारे शफीक शेख २०११ साली गेले. ते यंत्रमाग कामगार होते. त्यांच्यासारख्या कित्येकांचं चालणं, हसणं, हात हलवणं आज कुठे असेल तर व्हिडिओ कॅसेटींवरच्या त्या तिरक्या रेघांत आहे. आपल्या घरातली जी माणसं आता नाहीत, त्यांचंही तसंच. फोटोत चेहरा राहतो, हालचाल राहत नाही. ती सेकंदाला पन्नास तुकड्यांत साठवलेली आहे. त्यातले पंचवीस टाकून दिले तर चेहरा ओळखू येईल, पण त्या माणसाची लकब थोडी बोथट होईल. म्हणून कपाटातली कॅसेट काढाल, तेव्हा दुकानदाराला एवढंच ठणकावून सांगा, ‘दाते दिसले तरी चालतील, पण एकही ओळ टाकू नका.’